अडेनियमची छाटणी : कळ्या धरल्यात, कात्री लावू का थांबू?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी,
पंचवटीत आमच्या गच्चीवर एक अडेनियम आहे. गुलाबी, एकेरी पाकळ्यांचं, बियांपासून वाढवलेलं. बुंधा चांगला गरगरीत आहे. पण त्यातून दोनच फांद्या निघाल्यात आणि दोन्ही हातभर सरळसोट वर गेल्यात. खाली नुसतं उघडं खोड, पानं शेंड्याला, आणि फुलंही शेंड्यालाच. ऊन भरपूर आहे, सकाळपासून दुपारी चारपर्यंत.

छाटायला हवं हे कळतंय. घोळ असा झालाय की होळी तोंडावर आली आणि आत्ताच दोन्ही शेंड्यांना कळ्या धरल्यात. सासूबाईंचं म्हणणं, कळ्या आलेल्या झाडाला कात्री लावायची नाही. नवरा म्हणतो, काप की सरळ. व्हिडिओ बघावेत तर कुणी केरळचा, कुणी थायलंडचा. त्यांची हवा वेगळी, आपली वेगळी.

तर नाशिकच्या हवेत कधी छाटायचं, किती छाटायचं, आणि या कळ्यांचं काय करायचं? अनुभव सांगा.

मडकंभर_माती
आत्ता. कळ्यांसकट. पुढच्या वर्षी फुलं मोजता येणार नाहीत.

गच्चीवाला_गंगापूररोड
अडेनियमचं एक लक्षात घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप सुटतं. याचं फूल नव्या वाढीच्या टोकाला येतं. जेवढे शेंडे, तेवढे गुच्छ. तुमच्याकडे शेंडे दोन, म्हणून गुच्छ दोन. खत कितीही घाला, दोनाचे चार होणार नाहीत.

शेंडा शाबूत असतो तोवर तो खालच्या डोळ्यांना, म्हणजे खोडावरच्या झोपलेल्या अंकुरांना, उठू देत नाही. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन हे संप्रेरक खाली उतरतं आणि डोळे झोपलेले राहतात. शेंडा उडवला की ते जागे होतात. पण सगळे नाही, आणि इथेच बऱ्याच जणांची गाडी अडते. फुटवे येतात ते कापल्या जागेच्या लगेच खाली, साधारण दोन ते चार. खालचा सोट तसाच उघडा राहतो. म्हणजे तुम्ही जीव धरवत नाही म्हणून वरचे दोन बोटं शेंडे खुडलेत, तर झाड होईल उलट्या धरलेल्या केरसुणीसारखं. फांद्या जिथे हव्यात, त्याच्या किंचित वर कापा. बुंध्यापासून चार ते सहा बोटं ठेवून बाकी सगळं उतरवा.

हो, ऐकायला भयंकर वाटतं. पण उघड्या खोडावर जुन्या पानांच्या खुणा दिसतात ना, त्या प्रत्येक खुणेपाशी डोळा असतो. त्यातून फूट निघते.

सायली_इंदिरानगर
बापरे, चार बोटं? हातभर झाडातून चार बोटं उरली तर घरच्यांनी मला गच्चीवरच ठेवलं असतं.
मी वीतभर ठेवून छाटलं होतं, ते पण छान फुटलं.

गच्चीवाला_गंगापूररोड
@सायली, वीतभर ठेवून पण फुटतंच. फक्त घेर वीतभर वर सुरू होतो. कुंडी जमिनीवर ठेवून वरून बघायची असेल तर चालून जातं. टेबलावर, नजरेच्या उंचीला ठेवायची असेल तर खालून भरलेलं झाड जास्त शोभतं. आवडीचा प्रश्न आहे.

द्राक्षवाला_पिंपळगाव
छाटणीचा धागा आणि आम्हाला आमंत्रण नाही? निफाड तालुक्याचा अपमान आहे हा.

आमच्याकडे बागेची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. खरडीला एकेक डोळा ठेवून बाग अक्षरशः भुंडी करतो. पाहुणे आले की विचारतात, बाग जळाली का? त्याच भुंड्या बागेवर नवी काडी तयार होते, काडीत घड धरतो आणि गोडी छाटणीनंतर तो बाहेर पडतो. तेव्हा ताई, कात्रीला घाबरू नका. झाड कात्रीने मरत नाही, कात्रीनंतर घातलेल्या पाण्याने मरतं.

आता तुमच्या कळ्यांचं. कळी म्हणजे खर्च. झाडाने साठवलेलं तिथे ओतलं जातं. छाटायचंच ठरलं असेल तर तो खर्च व्हायच्या आधी छाटा.

उन्हाळी_बहर
इथे माझं जरा वेगळं मत आहे, काका. नाशिकला अडेनियमचा मुख्य बहर मार्च ते मे. वर्षभर ज्यासाठी थांबलो तोच बहर कात्रीखाली घालायचा? मी फुलं होऊ देते आणि मेच्या मध्यावर छाटते. उन्हाचा कडाका असतो, झाड जोरात असतं, फूट पटकन येते. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

इगतपुरीकर
@उन्हाळी_बहर, तुमच्याकडे पत्र्याची किंवा पारदर्शक शीटची सोय आहे का? असेल तर तुमचं बरोबर. नसेल तर मेमध्ये छाटलेल्या झाडाचे फुटवे ऐन कोवळे असताना पाऊस गाठतो. जखमेची जागा नीट सुकलेली नसेल तर पाणी तिथून आत शिरतं आणि खोड वरून खाली कुजत येतं. बाहेरून दिसत नाही. एक दिवस बोटाने दाबलं की पिलपिलीत.

आमच्याकडे तर विषयच संपतो. नाशिक शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस, इगतपुरीत तीन हजाराच्या वर. मी फेब्रुवारी संपता संपता सगळं उरकतो, आणि जूनपासून कुंड्या छपराखाली.

उन्हाळी_बहर
हो, आमच्या बाल्कनीला वर स्लॅब आहे, पाऊस आत येत नाही. हे सांगायला हवं होतं, खरंय. गोदाकाठची यांच्याकडे उघडी गच्ची दिसतेय.

गोदाकाठची
उघडीच आहे. पावसाळ्यात कुंड्या जिन्यात सरकवते, तेवढंच.
मग मधला मार्ग? एक फांदी आत्ता छाटते, दुसरीची फुलं बघते, ती नंतर. सासूबाई पण खूश.

मडकंभर_माती
हे म्हणजे घरातल्या राजकारणाचा अडेनियमवर परिणाम.

गच्चीवाला_गंगापूररोड
नका करू. जी फांदी उंच आणि पानांची आहे तिकडेच झाडाचा जोर राहतो. कापलेल्या बाजूला एखादी फूट येते आणि रेंगाळते. वर्षभराने झाड एका बाजूला कललेलं दिसेल आणि ते सरळ करायला परत छाटावं लागेल. दोन्ही एकदम, आणि साधारण एकाच उंचीवर.

शिकाऊ_माळी
थंडीत छाटलं तर काय होतं? डिसेंबरात मोकळा वेळ असतो.

द्राक्षवाला_पिंपळगाव
डिसेंबरात तुम्हाला मोकळा वेळ, झाडाला झोप. आमच्या निफाडला कडाक्याच्या थंडीत पारा पाच अंशांच्या खाली जातो. मळ्यात शेकोट्या पेटवतात लोक. अडेनियम मूळचं आफ्रिकेतलं आणि अरबस्तानातलं. थंडी पडली की पानं पिवळी करून टाकून देतं आणि गप्प बसतं. तेव्हा कापलं तर फूट येत नाही आणि जखम तशीच ओली राहते. होळी जळाली की थंडी गेली, हा साधा हिशेब. रात्रीची हुडहुडी संपली आणि शेंड्याला नवी पालवी दिसली की समजा झाड उठलं.

वेदांत_सातपूर
कापायचं कसं ते पण कुणी नीट सांगा. माझ्याकडे किचनची कात्री आहे.

गच्चीवाला_गंगापूररोड
किचनची कात्री किचनमध्येच राहू दे. खोड मांसल असतं, कात्रीने चेपतं, आणि चेपलेली कड सडते. सिकेटर (छाटणीची कात्री) धारदार असेल तर ठीक. अंगठ्याहून जाड खोडाला मी नवं कटर ब्लेड वापरतो. ब्लेड स्पिरिटने पुसायचं, एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना परत पुसायचं.

काप किंचित तिरका, डोळ्याच्या अर्धा बोट वर. कापल्याबरोबर चीक येतो. घाई करायची नाही, वाहू द्यायचा, टिश्यूने टिपत राहायचं. थांबला की कापलेल्या गोल चकतीकडे नीट बघायचं. हे फार कमी लोक बघतात. चकती सगळीकडे स्वच्छ, पांढरट-हिरवट असेल तर काम झालं. मध्ये तपकिरी ठिपका किंवा रेघ दिसली तर कूज आत उतरलेली आहे. मग ब्लेड पुसून आणखी बोटभर खाली कापायचं. परत बघायचं. डाग दिसेनासा होईपर्यंत. भले चार बोटांच्या जागी दोनच उरोत.

शुभांगीताई_नाशिकरोड
कापलेल्या जागी मी हळद लावते. कधी काही झालं नाही.

इगतपुरीकर
आमच्या ओल्या हवेत हळदीवर भागत नाही. मी 'साफ' नावाच्या बुरशीनाशकाची पावडर लावतो. थोड्या पाण्यात दाट कालवून ब्रशने.

द्राक्षवाला_पिंपळगाव
आम्ही बोर्डो पेस्ट लावतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

सायली_इंदिरानगर
काका, एका कुंडीसाठी दहा लिटर! उरलेल्यात सोसायटी रंगवायची का?

द्राक्षवाला_पिंपळगाव
रंगवा. निळा रंग छान दिसतो, बुरशी पण येणार नाही.

शिकाऊ_माळी
गोडी छाटणीनंतर डोळे फुटायला तुम्ही पेस्टिंग करता ना? ते अडेनियमला लावलं तर खालचे डोळे पण उठतील की.

द्राक्षवाला_पिंपळगाव
अजिबात नाही. चेष्टेत पण नाही. ते हायड्रोजन सायनामाइड असतं. हातमोजे घालून काडीच्या डोळ्यांना लावतात, आणि ज्याने लावलं त्याने त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारूच्या थेंबालाही शिवायचं नसतं. शरीरात दोन्ही एकत्र आले की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, दवाखाना गाठावा लागतो. गावात कोण संध्याकाळी सोज्वळ झालाय यावरून कुणाकडे पेस्टिंग सुरू आहे ते कळतं. असली गोष्ट घराच्या गच्चीवर आणायची नाही. अडेनियमला ऊन पुरतं.

वेदांत_सातपूर
जाता जाता, अडेनियमचा चीक विषारी असतो असं ऐकलंय. खरं का?

शुभांगीताई_नाशिकरोड
खरं. कण्हेर, चाफा, सदाफुली यांचंच हे भावंड, एकाच कुळातलं. कण्हेरीसारखंच हृदयावर परिणाम करणारं विष यात असतं. आफ्रिकेत याचा रस बाणांच्या टोकाला लावून शिकार करायचे. घाबरून झाड टाकून देऊ नका, पण छाटताना हातमोजे घाला, डोळ्याला हात लावू नका, आणि कापलेल्या फांद्या पोरं, कुत्री, शेळ्या यांच्या वाटेत टाकू नका.

एवढं विष असूनही एक बहाद्दर हे मजेत खातो. हिरवीगार, बोटाएवढी जाड अळी, डोक्याच्या मागे निळे डोळे काढल्यासारखे दोन ठिपके. कण्हेरीवर पण असते. मोठा हिरवा पतंग होतो तिचा. पावसाळ्यात एका रात्रीत झाडाची पानं गायब झाली आणि खाली काळ्या गोळ्या पडलेल्या दिसल्या की समजायचं बाईसाहेब आल्यात. मी उचलून कण्हेरीवर नेऊन ठेवते.

मडकंभर_माती
म्हणजे फुकटात छाटणी!

शुभांगीताई_नाशिकरोड
नाही हो. ती पानं खाते, कोवळा शेंडा खाल्ला तर खाल्ला. खोड कापत नाही. काम तुम्हालाच करावं लागणार.

पाकळी_दुहेरी
माझ्याकडे दुहेरी पाकळ्यांचं, गडद लाल आहे. नर्सरीतून आणलेलं. वरची माहिती वाचून बुंध्यापासून चार बोटांवर कापायला निघालेच होते...

गच्चीवाला_गंगापूररोड
थांबा थांबा! दुहेरी पाकळ्यांची नर्सरीतली झाडं बहुतेक कलमी असतात. खोडावर जोड शोधा. एक तिरकी किंवा व्ही आकाराची खूण असते, तिथे जाडी नाहीतर सालीचा रंग बदललेला दिसतो. त्याच्या वर कापायचं, जोडावर निदान दोन-तीन डोळे राहिले पाहिजेत. जोडाखाली कापलंत तर लाल जात गेली, खालच्या गावठी झाडाला फुटेल ते फुटेल. आणि जोडाखालून आपोआप येणारे फुटवे कोवळे असतानाच मोडून टाकत जा. ते कलमापेक्षा जोमाने वाढतात आणि वरच्याला उपाशी ठेवतात.

पाकळी_दुहेरी
सापडला जोड! बरोब्बर चार बोटांवर. वाचले मी. वाचनखूण साठवली.

कोकोपीट_काका
छाटणीबद्दल सगळे बोलतायत, पाण्याबद्दल द्राक्षवाले सोडून कुणी नाही. म्हणून जरा लांबण लावतो.

पानं गेली म्हणजे झाडाची पाण्याची मागणी एकदम पडते. आणि आपण काय करतो? झाड भुंडं दिसतं, दया येते, रोज तांब्याभर पाणी घालतो. मूळ ओलं, वर पान नाही, पाणी ओढणार कोण? छाटणीनंतर चार-पाच दिवस पाणी नाही. पुढेसुद्धा माती आतपर्यंत कोरडी झाल्यावरच, फूट दिसेपर्यंत हात राखून. बुंध्यात साठा असतोच. तो थोडा सैल पडला, सुरकुतला, तरी घाबरू नका. सुरकुतलेला पण घट्ट असेल तर तहान आहे. फुगीर पण मऊ असेल तर कूज.

सावलीत मात्र नेऊ नका. बरेच जण 'आजारी आहे' म्हणून आत घेतात. उन्हात ठेवलं तर डोळे लवकर आणि जास्त उठतात, सावलीत फूट लांबट आणि पिचकी येते. मुळं छाटून कुंडी बदलली असेल तरच आठवडाभर सावली. माझं मत असं की दोन्ही एकदम करूच नये. वरची छाटणी होळीला केली असेल तर कुंडी नंतर बदला.

माती: निम्म्याहून जास्त भाग जाड वाळू, विटेचा चुरा, कोळशाचे तुकडे असं भरड. माझं नाव कोकोपीट असलं तरी अडेनियमला कोकोपीट मूठभरच. पावसाळ्यात ते ओल सोडत नाही.

सायली_इंदिरानगर
काका, आयडी बदला आता.

उन्हाळी_बहर
खतांचं? मी शेणखत आणि थोडा बोनमील देते.

द्राक्षवाला_पिंपळगाव
नाशकात राहून खताची चिंता? कुठल्याही कृषी सेवा केंद्रात विद्राव्य खतं मिळतात. फुटवे बोटभर झाले की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं), लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी. फुटवे पक्के झाले की ०:५२:३४ (नत्र नाही, नुसतं स्फुरद-पालाश), तेवढंच. युरिया दाखवू पण नका. नुसती पानं आणि लांबच लांब कांड्या येतील, म्हणजे परत ताईंच्या मूळ प्रश्नावर.

आणि एक राहिलं. फूट आली की सगळी ठेवायची नाही. आम्ही बागेत विरळणी करतो तसं. एका कापावर दोन-तीन फुटवे, बाहेरच्या दिशेला तोंड असलेले. आत वळणारे, एकमेकांवर चढणारे काढून टाका. आत हवा खेळली तर मिलीबग (पिठ्या ढेकूण) पण कमी.

गच्चीवाला_गंगापूररोड
काकांना अनुमोदन. त्यात थोडी भर: ठेवलेले फुटवे वीतभर झाले की त्यांचे पण शेंडे एकदा खुडले तर दोनाचे सहा-आठ होतात. पण प्रत्येक खुडणीला बहर पुढे जातो. छाटल्यापासून फूट दिसायला दोन-तीन आठवडे, फूल यायला अडीच-तीन महिने धरा. होळीला छाटलं आणि परत खुडलं नाही, तर पावसाच्या तोंडावर थोडी फुलं मिळतील. परत खुडलं तर या वर्षी फारसं काही नाही, पुढच्या उन्हाळ्यात भरपूर. मी जून सुरू झाला की खुडणं बंद करतो.

शिकाऊ_माळी
कापलेल्या फांद्यांची रोपं होतात का?

इगतपुरीकर
होतात. सावलीत चार-पाच दिवस सुकवायच्या, कापलेली जागा कोरडी खडखडीत झाली की भरड वाळूत लावायच्या. मूळ धरतं. बियांच्या रोपासारखा गोल बुंधा मात्र लवकर होत नाही, खोड हळूहळू जाडावतं. फूल तेच येतं. बुंध्याचीच हौस असेल तर शेंगा धरा. बैलाच्या शिंगांसारखी जोडशेंग येते, ती उकलायच्या आत दोऱ्याने बांधा, नाहीतर बियांना केसांचे झुपके असतात, उडून शेजाऱ्यांच्या गच्चीवर जातात.

आजोळ_देवळाली
आमच्या शेजारच्या काकू सांगत होत्या की चिकाचं झाड दारात ठेवू नये, घरात भांडणं होतात.

मडकंभर_माती
ठेवलं नाही तरी होतात. हा धागाच बघा.

गोदाकाठची
सगळ्यांचे आभार! इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

ठरलं ते असं: उघडी गच्ची आहे, म्हणून मेपर्यंत थांबणं बाद. रंगपंचमीला नवरा आणि मुलगा रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) उड्या मारायला जातील, घर शांत असेल, तेव्हा दोन्ही फांद्या सहा बोटांवर उतरवते. चार बोटांची हिंमत नाही, गच्चीवाले माफ करा. सासूबाईंना फुटव्यांचा आणि गुच्छांचा हिशेब सांगितला. त्या म्हणाल्या, मग दोन काय, मुळापासून काप. त्यांना इतकं पटवायचं नव्हतं मला.

एकच शंका. शेंडे कळ्यांसकट वाळूत लावू का? कळ्या उमलतील तरी.

इगतपुरीकर
एखाददुसरी उमलेलही, पण मुळं यायला उशीर लागेल. फांदीकडे मुळं नाहीत, असलेल्या साठ्यातून एकतर फूल होईल नाहीतर मूळ. कळ्या खुडा, पानंही वरची दोन-चारच ठेवा.

सायली_इंदिरानगर
हातभर लांब दोन फांद्या, म्हणजे सहज चार-पाच कलमं होतील. एक माझं. इंदिरानगरहून पंचवटीला मी येईन घ्यायला.

पाकळी_दुहेरी
मलाही. बदल्यात लालची फांदी देईन.

द्राक्षवाला_पिंपळगाव
फांदी लावताना खालची बाजू खाली राहील एवढं बघा. तुकडे केल्यावर उलटसुलट होतात. आम्ही काडी लावताना खालचा काप सरळ आणि वरचा तिरका ठेवतो, म्हणजे घोळ होत नाही.

गोदाकाठची
सायली, पाकळी, दोघींची नावं लिहून ठेवली. तुकड्यांना काप सरळ-तिरका करते. रंगपंचमीनंतर आठवडाभराने या, तोवर सुकलेले असतील.